पोल आखूड, धार लख्ख

गेल्या अंकात हापूसच्या कलमांवरच्या बांडगुळाबद्दल लिहिताना 'ते पोल प्रूनरनं जमिनीवरूनच काढावं' एवढं एक वाक्य टाकून मी पुढं गेलो होतो. पोल प्रूनर म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली, खालून दोर ओढून चालवायची कात्री; तिथंच करवतही बसवता येते. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला आहे. सत्तावीस वर्षं मी रत्नागिरीच्या आसपास झाडांची कामं करतो. पहिली अकरा वर्षं कमरेला दोर बांधून स्वतः वर चढलो, आता पाच जणांची टोळी सांभाळतो. या हत्याराबद्दल इतक्या लोकांना विचारावंसं वाटलं याचा मनापासून आनंद झाला, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतो.

प्रश्न : आमच्या बागेत साठेक जुनी कलमं आहेत आणि बांडगूळ फार आहे. वीस फुटी ॲल्युमिनियमचा सरकता पोल आणला. त्याला कात्री आणि करवत दोन्ही बसतात. पण पूर्ण उघडला की टोक डुलतं, फांदीत आकडा घालायलाच पाच मिनिटं जातात. गडी कंटाळून शेवटी झाडावरच चढतात. याहून चांगला पोल कुठला घ्यावा? — एक बागायतदार, देवगड

नवा पोल घेण्याआधी एक काम करा. बागेत फिरून बांडगूळ नक्की किती उंचीवर आहे ते पाहा. आपल्याकडे नेम असा की दुकानात सगळ्यांत लांब पोल दिसला की तोच उचलायचा. लांब पोल आखूड कामाला चालेल असं वाटतं, पण तो चालत नाही. चौदा फुटांवरच्या फांदीसाठी वीस फुटी पोल हातात घेतलेला माणूस दिवसभर पोलशी झगडत असतो.

हिशेब सोपा आहे. पोल कधी सरळ उभा धरायचा नाही, कारण मग तुटलेली फांदी थेट डोक्यावर येते. जमिनीशी साधारण साठ अंशांत तिरका धरायचा. बारा फुटी पोल असा धरला की त्याची उंची साडेदहा फूट भरते. हात छातीशी असतात, म्हणून त्यात चार फूट मिळवा. म्हणजे बारा फुटी पोलनं चौदा-साडेचौदा फुटांवरचं काम आरामात होतं. सोळा फुटीनं अठरापर्यंत. माझ्या टोळीत नव्वद टक्के काम बारा फुटीवर होतं. सोळा फुटी गाडीत असतो, पण तो काढायला माझी परवानगी लागते, कारण त्यावर माणूस वीस मिनिटांत थकतो आणि थकलेल्याच्या हातून चूक होते. त्याहून वरचं बांडगूळ असेल तर पोल वाढवू नका. पट्टा आणि दोर लावलेला शिकलेला माणूस वर पाठवा आणि त्याच्या हातात सहा फुटी पोल द्या. शिडीवर उभं राहून पोल चालवणं मात्र कुणालाही करू देऊ नका. फांदी तुटून कात्री सुटते त्या क्षणी माणसाचा तोल जातो आणि शिडीवर तो सावरायला जागा नसते.

आता कात्री की करवत. दोन्ही लागतात, पण एकाच टोकाला दोन्ही जोडलेली नकोत. करवतीचं पातं बाजूला असलं की दाट कलमात कात्री घालताना तेच आधी डहाळ्यांत अडकतं, आणि टोकाला वजन वाढतं ते वेगळंच. टोकाचं पाव किलो हातापाशी दोन किलोसारखं लागतं. डोकं काढून बदलता येईल असा पोल घ्या, किंवा दोन पोल ठेवा.

कात्रीवर 'सव्वा इंच' लिहिलेलं असतं. ते ओल्या, मऊ लाकडाचं माप समजा. सुकी फांदी असेल तर पाऊण इंचाच्या वर कात्री घालू नका. बांडगुळाची गाठ तर दगडासारखी असते, तिच्यावर कात्री कधीच चालवायची नाही. तशीही तिथं कापून उपयोग नसतो. बांडगुळाची मुळं फांदीच्या आत पसरलेली असतात. फुलटोच्या पक्षी फळं खाऊन चिकट बी फांदीवर टाकतो, ती तिथंच रुजते आणि लाकडात शिरते. नुसता वरचा झुबका ओरबाडला तर पुढच्या वर्षी तिथूनच चार फुटवे येतात. गाठीच्या खोडाकडच्या बाजूला फूट-दीड फूट मागं सरकून, निरोगी लाकडात, फांदीसकट कापा. तिथं फांदी अंगठ्याहून जाड असेल तर करवत.

पाच मिनिटं आकडा बसत नाही म्हणता, त्याबद्दल. आकडा, म्हणजे कात्रीचा न हलणारा वाकडा भाग, फांदीवर टेकला की पोलचं वजन आधी त्या फांदीवर सोडून द्यायचं. हाताला पोल हलका लागला की समजायचं, बसला. मग पातं कुठल्या अंगाला आहे ते बघायचं. पातं खोडाच्या बाजूला हवं, आकडा बाहेरच्या. उलटं धरलं तर आकड्याच्या जाडीएवढा खुंट मागं राहतो आणि त्याची सालही चेपलेली असते. दोर ओढताना हिसका नको. दोर पोलच्या अगदी जवळून, सरळ खाली, एका दमात. दोर अंगाकडे लांब धरून ओढला की पोल धनुष्यासारखा वाकतो, आणि तुमचा सरकता पोल बहुधा त्यामुळंच इतका डुलतो. दोर जिच्यावरून फिरतो अशा दोन कप्प्या असलेलं डोकं मिळालं तर जरूर घ्या. दोर दुप्पट ओढावा लागतो, पण जोर निम्मा लागतो. दिवसाला तीनशे काप घालणाऱ्याच्या खांद्याला हा फरक संध्याकाळी कळतो.

गडी झाडावर चढतात हे वाचून मात्र काळजी वाटली. पावसाच्या तोंडावर आंब्याची साल शेवाळलेली नसली तरी सुक्या फांद्या आतून पोकळ असतात. तुमच्याकडे आहे तोच पोल बारा-तेरा फुटांवर कुलूप करून द्या, आठ दिवस बघा, आणि मगच नव्याचा विचार करा.

प्रश्न : सोसायट्यांमधली झाडं छाटण्याची कामं घेतो. फायबरचा पोल ॲल्युमिनियमपेक्षा महाग आणि जडही आहे. खरंच गरज आहे का? — एक कंत्राटदार, पुणे

आहे. यात मी दुसरं मत ऐकून घेत नाही.

२००९ च्या मे महिन्यात आमच्याकडे दोन फायबर पोल होते आणि तिसरा, ॲल्युमिनियमचा, एका ओळखीच्याकडून मागून आणलेला. घरामागचा फणस होता. खांबावरून घराकडे जाणारी वायर फणसाच्या पानांत शिरली होती. वायरीवर रबर होतं, म्हणून कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मीसुद्धा. रबर उन्हानं तडकलेलं होतं, हे नंतर पाहिलं. पोलचं टोक तिला घासलं आणि आमचा सगळ्यांत तरणा गडी फेकला गेला. पोल हातातून सुटला म्हणून तो वाचला. त्याच्या उजव्या तळहातावर अजून तो डाग आहे, आणि तो अजून माझ्याकडेच काम करतो. त्या दिवसापासून आमच्या गाडीत ॲल्युमिनियमचा पोल चढलेला नाही.

पण फायबर घेतला म्हणजे वायरीला हात लावायची मोकळीक मिळाली, असं कृपा करून समजू नका. ओला, चिखल लागलेला किंवा फणसाच्या चिकानं माखलेला फायबर वीज वाहू देतो. भिजलेला दोरही देतो. महावितरणच्या लाइनमनकडचा रॉड वेगळा असतो, त्याची वेळोवेळी चाचणी होते. दुकानातून आणलेल्या आपल्या पोलची कुणी चाचणी घेत नाही. फायबर हा चुकीच्या वेळी मिळणारा थोडा वाव आहे, तेवढाच. माझा नियम असा की पोलचं टोक किंवा कापलेली फांदी, यांतलं काहीही वायरीपासून तीन मीटरच्या आत येणार असेल तर काम थांबवायचं आणि रीतसर शटडाउन मागायचं. फोनवर 'लाइन बंद केली' ऐकून सुरू करायचं नाही. लाइनमन जागेवर येऊन अर्थिंग लावेपर्यंत बसून राहायचं. शेजारच्या इमारतीचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल तर बंद लाइनीतही वीज उलटी येते.

तुम्ही शहरात काम करता म्हणून आणखी एक. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' तुम्हाला लागू आहे. नुसत्या फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून परवानगीचा कागद हातात घ्या. सोसायटीचे सेक्रेटरी 'आम्ही बघून घेऊ' म्हणतात, पण झाडाखाली पोल घेऊन उभे तुम्ही असता.

प्रश्न : कात्री फांदी कापत नाही, चावते. साल लोंबत राहते. धार लावून आणली तरी तेच. पातं बदलावं का? — रोपवाटिकेत काम करणारा एक वाचक, संगमनेर

धार कुणाकडून लावून आणली? चाकू-सुऱ्या पाजळणाऱ्याकडून असेल तर त्यानं बहुतेक दोन्ही बाजूंनी लावली असणार आणि दुखणं तिथंच आहे. पोलच्या कात्रीचं पातं एका बाजूनं उतरतं असतं आणि दुसऱ्या बाजूनं साफ सपाट. ही सपाट बाजू आकड्याला घासून जाते म्हणून काप स्वच्छ येतो. सपाट बाजूला कानस लागली की पातं आणि आकडा यांच्यात फट पडते आणि साल त्या फटीत दुमडते.

आधी बोल्ट बघा. डोकं उजेडासमोर धरा, पातं हळूहळू मिटवा आणि दोघांच्या मधून उजेड दिसतो का पाहा. दिसत असेल तर बोल्ट ढिला आहे. नट इतकाच आवळायचा की पातं हातानं सोडल्यावर स्प्रिंगच्या जोरावर न अडखळता मागं जाईल, पण बाजूला हलवून बघितलं तर हलणार नाही. निम्म्या कात्र्या एवढ्यानंच सुधारतात. नट नायलॉनचा, आपोआप न सुटणारा बसवा. साधा नट कामाच्या हादऱ्यानं दुपारपर्यंत सैल होतो.

तरी चावत असेल तर धार लावायला बसा. मी हे काम दर शनिवारी संध्याकाळी स्वतः करतो, ते दुसऱ्या कुणावर सोडत नाही. पातं डोक्यातून सोडवायचं. आंब्याचा चीक डिझेलच्या फडक्यानं जातो. फणसाचा चीक जात नाही, त्याला घरातलं खोबरेल तेल, जसं आपण गरे काढताना हाताला लावतो तसंच. पातं स्वच्छ झालं की उतरत्या बाजूवर काळ्या मार्करनं रेघोट्या मारा. मग बारीक दातांची चपटी कानस घेऊन त्या उतारावर एकदा पुढं न्या आणि थांबून बघा. काळं फक्त धारेपाशी गेलं तर कानस फार उभी धरली आहे, फक्त मागं गेलं तर फार आडवी. सगळीकडून सारखं पुसलं गेलं म्हणजे कारखान्यातला उतार सापडला. आता त्याच कोनात, पात्याच्या बुडापासून टोकापर्यंत, वळणाबरोबर, एकाच दिशेनं. मागं येताना कानस उचलायची. मागं घासली की कानसही जाते आणि धारही. दहा-बारा हात पुरतात. मग सपाट बाजूवरून अंगठा आडवा फिरवा, धारेच्या दिशेनं कधीही नाही. काठाशी खरखर लागेल, ती कणी. धार लावायचा बारीक दगड तेलात बुडवून सपाट बाजूवर पूर्ण टेकवा आणि एकदोनदाच फिरवा. कणी गेली की धार पूर्ण झाली.

आकड्याला धार लावायची नसते. त्याच्या कडेला खाचे पडले असतील तेवढे घासून सपाट करा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोल्टवर, एक कप्पीच्या आसावर. ग्रीस नको, त्यात भुसा बसतो.

पात्याला तडा किंवा मोठा दाता पडला असेल तरच बदला. पोल घेतानाच दोन पाती आणि एक स्प्रिंग जादा घेऊन ठेवा, ही विनंती मी सगळ्यांनाच करतो. मी एकदा एका दुकानातून चांगला भारी पोल घेतला, वर्षभरानं पातं गेलं आणि त्या डोक्याचं पातं कुठंच मिळेना. एका पात्यापायी अख्खा पोल कोपऱ्यात पडून राहिला.

प्रश्न : दोर सारखा तुटतो. सुंभ वापरून पाहिलं, नायलॉन वापरला. कुठला घ्यावा? — एक वाचक, सावंतवाडी

सुंभ कप्पीत झिजतं, नायलॉन ताणला जातो. तुम्ही ओढता हातभर, पातं हलतं चार बोटं, बाकीचा जोर दोर ताणण्यात जातो. विणलेला पॉलिस्टरचा दोर घ्या, कप्पीच्या खाचेत बसेल त्या जाडीचा, साधारण सहा ते आठ मिलिमीटर. सारखा तुटतो म्हणता, तर तुटलेली जागा दर वेळी एकच आहे का बघा. असेल तर कप्पीला धारदार कड आली आहे, किंवा कप्पी फिरतच नाही आणि दोर तिच्यावरून घासत जातो. दोर बदलण्याआधी कप्पी बदला. आणि दोर पंजाला गुंडाळून ओढू नका. फांदी खाली येताना दोरासकट हात ओढते. खाली लाकडाची एक मूठ बांधा.

प्रश्न : पोलच्या करवतीची धार गेली. कानस नुसती घसरते. — एक वाचक, कोल्हापूर

दातांची टोकं निळसर-काळी दिसतात का? मग ते दात विजेनं झटक्यात तापवून कडक केलेले आहेत, साधी कानस त्यांना लागणार नाही. पातंच नवं बसवा. पण नवं बसवायच्या आधी जुनं डिझेलनं नीट धुऊन बघा. दातांमध्ये चीक आणि भुसा दगडासारखा बसतो आणि आपण धार गेली समजतो. ही करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. ढकलताना जोर लावला की पातं मधोमध दुमडतं, आणि एकदा दुमडलेलं पातं सरळ केलं तरी तिथंच पुन्हा जातं.

जाड फांदी एका कापात पाडू नका. आधी कात्रीनं तिचे शेंडे उतरवा, म्हणजे वजन कमी होईल. मग खोडापासून फूटभर बाहेर कापून फांदी पाडा. राहिलेला खुंट शेवटी, फांदीच्या बुडाशी जी फुगीर कडी असते तिच्या लगेच बाहेरून. ती कडी झाडाची आहे, तिला धक्का लागला तर जखम भरत नाही. काही करवतींच्या बुडाशी छोटा विळा असतो, त्यानं फांदीच्या खालच्या बाजूची साल आधी चिरून घ्या. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलत नेते. अशी सोललेली आंब्याची खोडं मी पाहिली आहेत, त्यांत पुढं खोडकिडा शिरतो.

प्रश्न : कापल्यावर काय लावावं? — दोन-तीन पत्रांत

आंब्याच्या मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. मिसळल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. त्याच दिवशी वापरा. कात्रीनं कापलेल्या डहाळ्यांना काही लावायची गरज नाही. रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटनं पुसा. ब्लीचिंगचं पाणी पात्याला खातं, आपल्या खाऱ्या हवेत तर आठवड्यात.

प्रश्न : पोलचं फायबर उन्हानं पांढरं पडलंय, हाताला कुसं टोचतात. — एक वाचक, गुहागर

तो पोल आज हातमोज्यांशिवाय धरू नका, ती कुसं काचेची आहेत. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, नाकावर फडकं बांधून. वाळला की पुसून पॉलियुरेथेनचा पातळ हात द्या. कुठं तडा असेल किंवा टिचकी मारल्यावर एका जागी बद्द आवाज येत असेल तर तो पोल कापून टाका, कुणी चुकून वापरेल असा ठेवू नका. यापुढं सावलीत, आडवा, तीन खुंट्यांवर. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला पोल कायमचा वाकतो.

प्रश्न : कृषी पदविका झाली आहे. गावातल्या छाटणीच्या टोळीत काम करायचंय. उंची पाच फूट आहे. टोळीवाले म्हणतात, पोल बाईमाणसाला झेपणार नाही. खरं आहे का? — एक वाचक, दापोली

नाही, ताई. पोल उंचीवर आणि दंडावर चालत नाही, पायांच्या ठेवणीवर चालतो. एक पाय पुढं, मागचा गुडघा थोडा वाकलेला, खालचा हात कमरेपाशी आणि वरचा छातीपाशी. वजन पायांत उतरलं पाहिजे. माझ्या टोळीत सगळ्यांत स्वच्छ काप ज्याचा येतो, तो सगळ्यांत बुटका आणि बारीक आहे.

सुरुवात आठ फुटी पोलवर करा. घराजवळच्या एखाद्या झाडाच्या खालच्या फांद्यांवर सुतळीचे तुकडे लोंबते बांधा आणि प्रत्येक तुकडा गाठीच्या लगेच खाली कापायचा सराव करा. सुतळी वाऱ्यानं हलते, त्यामुळं घाई करणाऱ्याला ती सापडतच नाही. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटंच. दहापैकी आठ सुतळ्या पहिल्या ओढीत तुटायला लागल्या की दहा फुटी घ्या, मग बारा. हेल्मेट आणि डोळ्यांवर चष्मा पहिल्या सुतळीपासून घाला, भुसा नेहमी वर बघणाऱ्याच्याच डोळ्यात पडतो. आणि टोळीत गेलात की पहिल्याच दिवशी त्यांच्या कात्रीचा बोल्ट उजेडासमोर धरून बघा. बहुतेक तो ढिलाच असेल.